शिआनच्या खेड्यातली नवी कढई

गेली अठरा वर्षं मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवते, उर्दूचेही तास घेते. या काळात ‘माझी अविस्मरणीय सहल’ या विषयावरचे निबंध किती तपासले याचा हिशेब नाही. सगळे सारखेच. पहाटे लवकर उठलो, बसमध्ये गाणी म्हटली, निसर्गरम्य परिसर पाहून मन प्रसन्न झालं, संध्याकाळी जड अंतःकरणानं घरी परतलो. दहापैकी सात गुण. त्यात चूक काही नसते, पण डोळ्यांनी पाहिलेलंही काही नसतं.

अलीकडे मात्र एका सहलीची हकिकत ऐकली आणि ती डोक्यातून जाईना. सांगणारी माझीच एक माजी विद्यार्थिनी. दहावीपर्यंत आमच्या शाळेत होती, पुढे दिल्लीला जाऊन चिनी भाषा शिकली आणि २०२४ मध्ये शिष्यवृत्तीवर वर्षभरासाठी चीनमधल्या शिआन शहरात गेली. तेव्हा भारत आणि चीनमधली थेट विमानं बंद होती, त्यामुळे बँकॉकमार्गे गेली. तिचे अब्बा सौदीत गाडी चालवतात. मुलगी एकटी चीनला निघाली तेव्हा त्यांनी तिकडून मला फोन केला. मला वाटलं, सुरक्षिततेबद्दल विचारतील, पैशांबद्दल विचारतील. त्यांनी विचारलं, “मॅडम, वहाँ खाने का क्या?”

बापाचा हा प्रश्न किती खोल आहे, हे मला पुढे कळलं.

शिआन शहरापुरतं त्याचं उत्तर सोपं होतं. शान्शी प्रांताची ही राजधानी म्हणजे जुनं छांगआन, रेशीम मार्गाचं पूर्वेकडचं टोक. अरब आणि इराणी व्यापारी तांग राजवटीच्या काळापासून इथं येत होते. जुन्या तटबंदीच्या आत आजही ह्वी मुसलमानांचा मोहल्ला आहे. चीनमध्ये ह्वी एक कोटीहून अधिक आहेत आणि त्यांची बोली चिनीच. तिथली मोठी मशीद मुख्यतः मिंग काळातली. वर घुमट नाही, उतरती कौलारू छपरं, अंगणामागून अंगण. लांबून पाहणाऱ्याला चिनी मंदिरच वाटेल. मोहल्ल्यातल्या खानावळींवर ‘छिंगचन’ अशी पाटी असते. शब्दशः अर्थ ‘शुद्ध आणि खरं’, व्यवहारात अर्थ हलाल. म्हणजे शहरात पोटाची सोय होती. प्रश्न आला तो शहराबाहेर पडल्यावर.

विद्यापीठानं परदेशी मुलांना एकेक स्थानिक कुटुंब जोडून दिलं होतं. सुट्टीचा एखादा दिवस त्यांच्यासोबत काढायचा, म्हणजे भाषा कानावर पडते. हिच्या वाट्याला आलेलं कुटुंब हान, म्हणजे चीनमधल्या बहुसंख्याक समाजाचं. बाई एका दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसतात, नवरा शहर बस चालवतो. त्या बाईंना ही ‘आयी’ म्हणू लागली. चिनीत आयी म्हणजे मावशी. आपल्या कानाला आई ऐकू येतं. नवऱ्याच्या आईला म्हणायचं ‘नायनाय’, आईच्या आईला शब्द वेगळा. उर्दूत आपणही दादी आणि नानी वेगळ्या ठेवतो, मराठीत दोघी आजीच. उलट आत्या आणि मावशी मराठीत वेगळ्या, तशाच चिनीतही. हे सगळं ती मला एखाद्या शोधासारखं सांगत होती, आणि भाषेची शिक्षिका म्हणून मीही तितक्याच हौसेनं ऐकत होते.

ऑक्टोबरच्या अखेरीस एका रविवारी ते कुटुंब तिला आपल्या मूळ गावी घेऊन गेलं. गाडी शहर सोडून दक्षिणेला निघाली. समोर छिनलिंगचे डोंगर. वाटेत शिंगज्याव नावाचं बौद्ध मंदिर लागलं. तिथं विटांचा पाच मजली मनोरा आहे आणि तो ह्युएन त्संगची समाधी म्हणून ओळखला जातो. हो, तोच, आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला. सातव्या शतकात तो भारतात आला, महाराष्ट्रातही आला, पुलकेशीच्या राज्यातल्या लोकांबद्दल लिहून गेला आणि ६४५ मध्ये याच छांगआनला परतला. मुलीनं आयीला सांगितलं, “हा आमच्या गावाकडे येऊन गेलाय.” आयी हसली आणि म्हणाली, “मग आज तू आमच्या गावाला चल.”

गावात शिरल्यावर तिला पहिल्यांदा जाणवली ती शांतता. दारादारांत मक्याची कणसं माळा करून टांगलेली, अंगणात पर्सिमनचं झाड, पानं गळलेली आणि फळं लालकेशरी. पण माणसं दिसली ती म्हातारी, नाहीतर अगदी लहान. नायनायनं दारातच विचारलं, “जेवलीस का?” तिकडे ही विचारायची रीतच आहे, जशी आपल्याकडे “जेवण झालं का?” विचारायची. मग म्हातारीनं हिच्या डोक्यावरच्या स्कार्फला हात लावून पाहिला. मुलगी जरा आखडली. आजी म्हणाली, “मी पण शेतात जाताना बांधते,” आणि खुंटीवरचा आपला रुमाल काढून डोक्याला बांधून दाखवला.

स्वयंपाक सुरू झाला. तो गव्हाचा मुलूख आहे, भाताचा नाही. नायनायनं कणीक मळली, पट्टे ओढून ओढून लांब केले, पट्ट्यासारखे रुंद नूडल्स. उकडून वाडग्यात घातले, वर लाल तिखट आणि लसूण, आणि त्यावर कडकडीत तापलेलं तेल ओतलं. चर्र आवाज झाला आणि अख्ख्या घरात वास पसरला. “मॅडम, आपली फोडणीच! फक्त ती शेवटी, वरून.”

मग आजीनं कपाटातून एक झाकलेला वाडगा काढून मोठ्या अभिमानानं तिच्यासमोर ठेवला. डुकराचं मांस, खास पाहुणीसाठी शिजवून ठेवलेलं. आयी घाईनं पुढं झाली, गावच्या बोलीत काहीतरी म्हणाली आणि वाडगा उचलला. आजीला पटेना. “तुकडे बाजूला काढ म्हणावं, नुसता रस्सा तरी घे.” मुलगी नाही म्हणाली. तिनं शिकलेली सगळी नम्र वाक्यं वापरली, पण म्हातारीचा चेहरा उतरला तो उतरलाच. घरातली सगळ्यात चांगली वस्तू पाहुण्यापुढं ठेवावी आणि पाहुण्यानं ती परत करावी, यात कुणाचं चुकलं? कुणाचंच नाही. पण वाईट दोघींना वाटलं.

मुलगी उठली, हात धुतले आणि म्हणाली, “नायनाय, मला पट्टे ओढायला शिकवा.” तिचे पट्टे तुटत होते, आजी हसत होती. त्या हसण्यात मघाचा वाडगा मागे पडला. भांडी धुताना तिच्या लक्षात आलं की कढईच्या तळाला दुकानाच्या चिठ्ठीचा चिकट डाग अजून तसाच आहे. कढई नवी होती. कणीक कापायची सुरी नवी होती. लाकडी पाट नवा होता. आयीनं आदल्या दिवशी ह्वी मोहल्ल्यात जाऊन एका खानावळवाल्याला विचारलं होतं की मुसलमान मुलीला घरी जेवायला घालायचं तर काय काय करावं लागतं. त्यानं जे सांगितलं ते तिनं केलं. आणि याबद्दल ती दिवसभरात एका शब्दानं बोलली नाही.

हे ऐकलं आणि मला माझी अम्मी आठवली.

आमच्या लहानपणी ईदला शेजारच्या दोन-तीन घरी शीरखुर्मा जायचा. एक घर मात्र आमच्या भांड्यातलं खात नसे. अम्मी त्याबद्दल कधी कुरकुरली नाही. त्या घरासाठी ती दूध, शेवया, साखर, सुकामेवा असा कोरडा शिधा एका नव्या स्टीलच्या डब्यात भरून पाठवायची. डबा त्या कामासाठीच ठेवलेला होता, दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. मला राग यायचा. मी विचारायचे, “अम्मी, ते आपलं खात नाहीत तर द्यायचंच कशाला?” ती म्हणायची, “उनका खाना उनका हिसाब. अपना देना अपना हिसाब.” त्या घरातल्या काकू दिवाळीला फराळाचं ताट घेऊन स्वतः यायच्या आणि अम्मीशी तासभर बोलत बसायच्या.

मोठी झाल्यावर मला अम्मीचं म्हणणं थोडं भाबडं वाटू लागलं. खाण्याच्या भेदामागे फक्त श्रद्धा नसते, कधीकधी तुच्छताही असते, हे मी अनुभवलं आहे. आजकाल तर कुणाच्या ताटात काय आहे यावरून माणूस मोजला जातो. तरीही शिआनजवळच्या त्या कढईनं मला अम्मीच्या डब्याकडे पुन्हा पाहायला लावलं. आदरातिथ्य म्हणजे आपल्याकडचं उत्तम ते देणं, असं आपण समजतो. नायनायनं तेच केलं. आयीनं त्याच्या एक पाऊल पुढं जाऊन पाहुणीला काय चालतं ते आधी विचारलं. दोघींचं प्रेम खरं, पण आयीच्या प्रेमात चौकशी होती. दस्तरख्वानावर बसलेल्या माणसाला जेवता आलं पाहिजे, तर ती मेहमाननवाजी.

इथवर गोष्ट गोड आहे, आणि ती इथंच संपवली तर दहापैकी सात गुणांचा निबंध होईल. पण त्या दिवसात आणखीही काही होतं.

त्या घरात नऊ वर्षांचा एक मुलगा होता, आयीच्या धाकट्या दिराचा. आईवडील दक्षिणेला ग्वांगतुंग प्रांतात कारखान्यात, मुलगा आजीजवळ. चीनमध्ये माणसाची ‘हुखौ’ नावाची सरकारी नोंद असते. ती खेड्यातली असेल तर मोठ्या शहरात मुलाला सरकारी शाळेत घालणं अवघड जातं, आणि विद्यापीठाची प्रवेश परीक्षा साधारणपणे नोंद असेल तिथंच द्यावी लागते. म्हणून शहराच्या कारखान्यांत राबणारे कितीतरी आईबाप पोरांना गावी ठेवतात. चिनी भाषेत अशा मुलांसाठी एक शब्दच आहे, त्याचा अर्थ ‘मागे राहिलेली मुलं’. मराठवाड्यातून ऊसतोडीला जाणारे कितीतरी आईबाप दिवाळीच्या सुमारास पोरं आजीकडे सोडून जातात. आपल्याकडे शब्द नाही, मुलं आहेत.

त्या मुलानं हिला विचारलं, “तुझे बाबा कुठे असतात?”

“लांब, कामाला.”

“माझे पण. तुझे कधी येतात?”

“दोन वर्षांतून एकदा.”

मुलगा थोडा वेळ गप्प बसला. मग म्हणाला, “माझे दरवर्षी येतात, वसंत सणाला,” आणि आपल्या हातातलं पिकलेलं पर्सिमन त्यानं हिला देऊन टाकलं. दया आली असणार. हे सांगताना माझी विद्यार्थिनी हसली, आणि मग बराच वेळ चहाच्या कपाकडे बघत राहिली.

अजून एक गोष्ट तिनं मला सांगितली, घरी कुणाला सांगितलेली नाही. दुपारची नमाज तिनं त्या घरी पढली नाही. कुणी मनाई केली नव्हती. आयीला विचारलं असतं तर तिनं खोली मोकळी करून दिली असती, याची हिला खात्री होती. पण आपल्यामुळे उद्या या लोकांना कुणी काही विचारलं तर, अशी धास्ती वाटली. हॉस्टेलवर परतून तिनं कजा पढली. ज्या घरानं तिच्यासाठी नवी कढई आणली, त्याच घरात तिला मुसल्ला अंथरायची भीती वाटली. या दोन्ही गोष्टी एकाच दिवसाच्या आहेत.

गावी परतल्यावर तिला दोन प्रकारचे लोक भेटले. एका नातेवाइकानं भर बैठकीत सुनावलं, “चीनवाले मुसलमानांपर जुल्म करते, और तू उनके घर खाना खाके आयी?” दुसरीकडे ओळखीच्या एका बाईंनी नाक मुरडलं, “ते लोक काहीही खातात म्हणे, तू कशी राहिलीस?” पहिल्याला चीन म्हणजे फक्त सरकार, दुसरीला चीन म्हणजे फक्त ताट. कढईची गोष्ट दोघांनाही ऐकायची नव्हती.

पहिला प्रश्न टाळण्यासारखा नाही. संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार कार्यालयानं ३१ ऑगस्ट २०२२ रोजी शिनजियांगबद्दलचा अहवाल प्रसिद्ध केला. उइघुर आणि इतर मुस्लिमबहुल समूहांना मोठ्या प्रमाणावर मनमानीनं डांबून ठेवलं गेलं आणि हे मानवतेविरुद्धचे गुन्हे ठरू शकतात, असं त्यात म्हटलं आहे. चीनचं सरकार हे आरोप नाकारतं. ह्वींच्या वस्त्यांतही सगळं आलबेल नाही. २०२३ च्या मे महिन्यात यून्नान प्रांतातल्या नाजियायिंग इथं मशिदीचे घुमट आणि मिनार पाडण्यावरून लोक आणि पोलीस समोरासमोर आले होते. एका आयीची नवी कढई ठेवून हे सगळं झाकता येणार नाही. कुणी तसं करत असेल, चार दिवस फिरून येऊन “तिथं तर मुसलमान मजेत आहेत” असं सांगत असेल, तर तो त्या डांबलेल्या माणसांवर अन्याय करतो.

पण उलटंही तितकंच खरं आहे. शिनजियांगच्या बातम्या ठेवून आयीची कढई पुसता येणार नाही. सरकार जे करतं त्याचा जाब दवाखान्याच्या खिडकीवर बसणाऱ्या बाईला तिच्याच जेवणावर बसून विचारायचा का? मुलीनं विचारला नाही. तिला भित्री म्हणणारे म्हणोत. जिथं उत्तर देणंच माणसाला महागात पडू शकतं, तिथं प्रश्न विचारण्यात पाहुण्याचं शौर्य काही नाही, किंमत यजमानाला मोजावी लागते. आपल्या घरी परतल्यावर मात्र गप्प बसायचं कारण उरत नाही. तिथं जे पाहिलं ते आणि जे पाहता आलं नाही ते, दोन्ही सांगायला हवं.

हे आपल्याला, म्हणजे इथल्या मुसलमानांना, खरं तर सगळ्यात आधी कळायला हवं. जगात कुठं काही घडलं की आपल्याकडे पाहायची नजर बदलते, हा अनुभव नसलेला मुसलमान मला अजून भेटलेला नाही. कुठल्या तरी सरकारचा, कुठल्या तरी टोळीचा हिशेब आपल्या दारात मागितला जातो. तेव्हा आपण म्हणतो, “आमच्या घरी येऊन पाहा.” मग दुसऱ्याचं घर पाहून आलेल्या आपल्याच मुलीला आपण का झिडकारतो? घराला घराइतकं मोजावं, सरकारला सरकारइतकं. बातमी जे सांगते ते घरातून दिसत नाही. त्या नऊ वर्षांच्या मुलाचा प्रश्न कुठल्या बातमीत येत नाही. माणसाला दोन्ही लागतं.

म्हणून मला ह्युएन त्संग आठवतो. महाराष्ट्रातले लोक स्वाभिमानी आहेत, उपकार विसरत नाहीत आणि अपमान सोडत नाहीत, अशा अर्थाचं तो लिहून गेला. तेराशेहून अधिक वर्षं झाली. तो इथं राहिला किती, भेटला कुणाकुणाला, सगळ्यांशी त्याचं बोलणं झालं का, हे आपण विचारत नाही. आपण ते वाक्य अभिमानानं मुलांना शिकवतो. पाहुण्याचं एक वाक्य इतकं टिकतं. मग पाहुण्यानं किती जपून बोलायला हवं! जेवढं पाहिलं तेवढंच सांगावं, त्यात पदरचं गोडही घालू नये आणि कडूही.

या वर्षी मी नववीच्या वर्गाला सहलीचा निबंध दिला नाही. विषय दिला, ‘दुसऱ्यांच्या घरी एक दिवस’. अट एकच, घर आपल्या जमातीचं नसावं. मुलं वह्या पुढे घेऊन नुसती बसून राहिली. आमच्या शाळेची भिंत एका मराठी शाळेच्या भिंतीला लागून आहे, दोन्हीकडच्या घंटा दोन्हीकडे ऐकू येतात. तरीही त्या भिंतीपलीकडच्या एखाद्या घरी बसून जेवलेली मुलं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी निघाली. मराठी शाळेतल्या एका मॅडमना मी हे सांगितलं. त्या म्हणाल्या, “आमच्याकडेही विचारलं तर हेच निघेल.” आता दोघी मिळून काही करता येतं का पाहतोय. एकेका मुलाला एकेक घर, एक रविवार. पालक काय म्हणतील माहीत नाही. पहिला प्रश्न काय येईल ते मात्र माहीत आहे: “मॅडम, खाण्याचं काय?” दोन्हीकडून तोच येईल. उत्तर देता येईल, फक्त कुणीतरी आधी विचारायला हवं.

निघताना मी मुलीला विचारलं, “त्या कढईचं पुढं काय झालं?”

ती म्हणाली, “आयीनं ती पिशवीत बांधून शहरातल्या घरी आणली. मी नंतर तीनदा गेले, तीनही वेळा त्याच कढईत जेवण झालं. शेवटी परत यायच्या आधी मी म्हटलं, आता वापरा की ही रोजच्याला. तर म्हणाली, राहू दे. पुढच्या वर्षी तुझ्यासारखीच कुणी आली तर लागेल.”